मदरबोर्ड कुणाच्या नावाचा

विहाराच्या अभ्यासिकेत पाच पंखे आहेत आणि पाचही पंख्यांच्या पात्यांवर मेलेल्या माणसांची नावं आहेत. पांढऱ्या ऑइलपेंटनं. एका पात्यावर ‘कालकथित’, दुसऱ्यावर मेलेल्याचं नाव, तिसऱ्यावर देणाऱ्याचं. पंखा फिरायला लागला की त्यातलं एकही अक्षर वाचता येत नाही, तरी कुठला पंखा कुणाचा हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. घड्याळाला नाव, पाण्याच्या फिल्टरला नाव, चपलांच्या रॅकलाही नाव. केरसुणीला तेवढं नाही. केरसुणी देण्यासाठी अजून कुणाचा बाप मेलेला नाही.

कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर होता, कृष्णातकाकांच्या थोरल्या भावाच्या नावाचा. काका म्हणजे विहार कमिटीचे अध्यक्ष. तो कॉम्प्युटर आणला तेव्हाच त्यातला मदरबोर्ड शिळा होता, दुकानदारानं स्वस्त म्हणून गळ्यात मारलेला. दोन वर्षांत नवं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. प्रोसेसर बदलावा म्हटलं तर त्या खोबणीत बसेल असा मोठा प्रोसेसर कुणी बनवतच नव्हतं. मग पुराचं पाणी अभ्यासिकेत शिरलं आणि उरलंसुरलंही गेलं. पण टाकायचा कसा? भावाचं नाव आहे त्यावर. भंगारात देऊ म्हटलं की काकांचे डोळे भरून यायचे, आणि डोळे भरून आले की काका शिव्या द्यायचे.

संघप्रिया त्याच डबड्यासमोर बसून कॉम्प्युटरवरचं, यंत्रांच्या भागांचं ड्रॉइंग शिकायला निघाली होती. त्या डबड्यानं तिची दोन वर्षं खाल्ली. शेवटी आईनं कानातलं मोडून तिला राजारामपुरीतल्या क्लासला घातलं, म्हणून आज ती शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ड्रॉइंग विभागात होती. दर रविवारी ती वस्तीतल्या सहा मुलींना शिकवायची. लॅपटॉप एक, डोकी सहा. त्यात एक डोकं तिच्या धाकट्या बहिणीचं, दीक्षाचं. फौंड्रीतले साहेब म्हणाले होते, पुढच्या वर्षी दोन मुली कामाला घेऊ, पण थ्रीडी यायला पाहिजे. थ्रीडी उघडलं की लॅपटॉप मान टाकायचा.

म्हणून अभ्यासिकेला कॉम्प्युटर पाहिजे होता. नुसता पाहिजे नव्हता, पुढं वाढवता येणारा पाहिजे होता. आत्ता परवडेल तो लहान प्रोसेसर घ्यायचा, पण बोर्ड असा की दोन वर्षांनी त्याच्यावर मोठा बसवता येईल. कारण सॉफ्टवेअर दर साली जड होतं, आणि ह्या कमिटीनं एकदा कॉम्प्युटर दिला की दहा वर्षं तो विषय काढायची सोय नसते. बोर्ड चुकला की सगळंच चुकलं. हे तिनं अंगावर काढलेलं होतं.

कमिटीची बैठक बसली, एकेक भाग एकेकानं द्यायचा असं ठरवून. सगळ्यांच्या आधी संग्राम बोलला. संग्राम महापालिकेला उभा राहणार होता. कुठल्या पक्षातनं, ते अजून त्यालाही ठाऊक नव्हतं.

“कॅबिनेट माझ्याकडनं. काचंचं. आत लाईटा. लाल, निळ्या, हिरव्या, फिरत्यात नुसत्या. आणि म्होरं नाव, संग्रामदादा युवा मंच.”

कमिटीतल्या जोतीरामनं बापाच्या नावानं मॉनिटर घेतला. महिला मंडळानं कीबोर्ड उचलला. माउसवरनं दोन घरांत जुंपली, तेव्हा एकाला माउस आणि दुसऱ्याला त्याच्या खालचं पॅड देऊन मिटवलं. प्रोसेसर आणि बाकीचं किडुकमिडुक कमिटीच्या शिलकीतून.

“आणि मदरबोर्ड?” संघप्रियानं विचारलं.



“ते कुठं असतंय?” जोतीराम म्हणाला.

“आत.”

“आत म्हंजे? बाहेरनं दिसत न्हाय?”

“न्हाय.”

“मग नाव कुठं घालायचं?”

“माझ्या दोस्ताकडं एक पडून हाय की,” संग्राम म्हणाला. “जुना हाय, पर चकाचक. फुकटात देतोय. लावून टाक.”

“संग्रामदादा, प्रोसेसर म्हंजे डोकं. बोर्ड म्हंजे मान. तुझ्या दोस्ताची मान जुन्या डोक्याच्या मापाची हाय. त्याच्यावर पुढचं मोठं डोकं बसणार न्हाय. कायमचं बारकंच डोकं घेऊन बसायचं.” तिनं त्याच्या मानेकडं बघितलं. “मान जाड आणि डोकं बारकं, असले बी नमुने असतात म्हणा.”

मागं बायका फिस्सकन हसल्या. काकांनी टेबलावर थाप मारली.

“ए पोरी. चार बुकं शिकलीस म्हणून माणसांची इज्जत काढायचा परवाना न्हाय दिला तुला. कमिटीकडं बोर्डाला पैसा न्हाय. देणारा आण, मग तुझा बोर्ड. न्हायतर ह्याच्या दोस्ताचा. विषय संपला.”

“मी देतो बोर्ड.”

आवाज दारातून आला. चपलांच्या रॅकला टेकून शेवंताबाई उभी होती. उभा जन्म उद्यमनगरात फौंड्रीची वाळू चाळलेली बाई. दम्यानं छाती वाजायची, तोंड त्याहून जास्त वाजायचं. वस्तीत तिला कुणी बैठकीला बोलवत नसे, कारण ती यायची.

काकांचं तोंड आंबट झालं. त्याला कारण होतं. पंखे घेतले तेव्हा शेवंताबाई एका पंख्याचे पैसे घेऊन आली होती. नाव माझं घाला म्हणाली. जित्या माणसाचं नाव पंख्यावर घालत नाहीत, नवऱ्याचं घाल, असं काका म्हणाले. नवऱ्यानं तिला आयुष्यभर बडवली होती. ती भर सभेत म्हणाली, “त्याला मरून धा वर्षं झाली, आता कुठं डोकं शांत हाय. परत डोक्यावर फिरवत ठिवू व्हय?” आणि पैसे घेऊन गेली.

“नाव माझं पडलं पायजे,” ती आता म्हणाली. “माझं म्हंजे माझं. आणि बोर्डावर म्हंजे बोर्डावर. खोक्यावर न्हाय, टेबलावर न्हाय.”

“घालू की आज्जी,” संघप्रिया पटकन म्हणाली.

खोटं बोलली ती. बोर्डावर कुणी नाव घालतं का? नंतर काचेवर एक स्टिकर चिकटवू, म्हातारीला काय कळतंय, असा हिशेब तिनं मनात केला होता. काका आणि संग्राम ज्या पद्धतीनं म्हातारीला मोजायचे, त्याच पद्धतीनं तिनंही मोजली. तेव्हा तिला ते जाणवलं नाही. बोर्ड मिळाला, एवढंच जाणवलं.

राजारामपुरीत सम्मेदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तिघं गेली. संघप्रिया, पैसे देणारी म्हणून शेवंताबाई, आणि कॅबिनेट घेणारा म्हणून संग्राम. सम्मेद गिऱ्हाइकाशी गोड बोलत नाही, आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

“हा घ्या,” त्यानं एक खोका पुढं सरकवला. “स्वस्त आहे. बसतंय सगळं.”

“ह्याची खोबण जुनी. पुढचे प्रोसेसर बसणार न्हाईत.”

“पुढचं पुढं बघा की ताई. आज शिकायचंय ना पोरींनी?”

“मागच्या वेळी बी असंच कुणीतरी म्हणालं होतं.”

“ते दुकान माझं नव्हतं,” सम्मेद खेकसला. “यूट्यूब बघून येता आणि आम्हाला चोर ठरवता. हा दुसरा. खोबण नवी. कंपनीनं जाहीर केलंय, पुढचे काही प्रोसेसर ह्यातच बसणार.”

संघप्रियानं बोर्ड हातात घेऊन बघितला. खोबणीशेजारी, जिथनं प्रोसेसरला वीज जाते तिथं, तो उघडाबोडका होता. “इथं ताप खेचणारी पट्टी कुठाय? मोठा प्रोसेसर बसला तर ह्याला ताप येईल. खोबण हाय आणि दम न्हाय.”

सम्मेदनं तिच्याकडं रोखून बघितलं, मग वरच्या फळीवरचा खोका काढला. “मग हा. खोबण नवी, पट्ट्या जाड. एकच राहिलाय.”

“बायोस नवा करायचं बटण?”

“कसलं बटण?” संग्रामनं विचारलं. गल्ल्यावर वाकून तो परत म्हणाला, “कसलं बटण रं पावणं?”

“नवा प्रोसेसर ओळखायला बोर्डाच्या पोटातला प्रोग्राम नवा करावा लागतो,” सम्मेद कंटाळून म्हणाला. “हे बटण असलं की प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरनं होतंय. आहे मागं. कुणी दाबत नाही ते ताई, सांगून ठेवतो. लोक पुढची स्वप्नं बघून बोर्ड नेतात आणि आहे त्याच प्रोसेसरवर म्हातारे होतात.”

“मी दाबीन.”

“दाबा. माझं काय जातंय?”

संग्राम मध्ये घुसला. “अगं त्या पट्ट्या कशाला जाड? तेवढ्यात माझ्या कॅबिनेटला अजून दोन लाईटा येत्यात. आत काय हाय ते कोण बघालंय?”

“तुझ्या फ्लेक्सचं तसंच असतंय. म्होरं तू हसालास आणि मागं बांबू कुजलेला.”

स्टुलावर बसून शेवंताबाई खोकत होती. खोकता खोकता हसली. पैसे तिनं मोजून गल्ल्यावर ठेवले आणि सम्मेदला म्हणाली, “पक्का हाय न्हवं रं?”

“तीन वर्षं कंपनी बघतीया आज्जी. पण दोन गोष्टी ऐका. बोर्डाला काही लागलं, चरा पडला, काही सांडलं, तर कंपनी हात वर करती. मग माझ्या नावानं ओरडायचं नाही. आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा पडदा बराच वेळ काळा राहील. रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून बंद करू नका.”

प्रोसेसर पुण्याहून दुसऱ्या दिवशी येणार होता. बोर्ड एकच होता म्हणून आजच नेला. अभ्यासिकेच्या कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप नव्हतं, पुरानंतर ते लागतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघप्रिया कामावरून प्रोसेसर घेऊन आली आणि कपाट उघडायच्या आधीच तिला वास आला. ऑइलपेंटचा.

बोर्ड टेबलावर होता. खालच्या अंगाला जी थोडी मोकळी काळी जागा असते तिथं, बारक्या बारक्या भागांना वळसे घालत, पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं, शेवंताबाई. अक्षर सुरेख होतं. सयाजी पेंटरचं. ह्या पाचही पंख्यांवरची मेलेली माणसं त्यानंच रंगवलेली. तो ब्रश पुसत बाजूला उभा होता आणि शेवंताबाई खुर्चीत बसली होती.

“हे काय केलंस?” संघप्रिया किंचाळली. “सयाजीमामा, हे काय करून ठेवलंस!”

“मी म्हनलं ह्या झाकणावर काढतो,” सयाजीनं खोबणीवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण दाखवलं. “सपाट हाय. तर आज्जी म्हणाली, ते झाकण निघतंय. काढून टाकशीला तुम्ही.”

“टाकलंच असतंस की,” शेवंताबाई म्हणाली. “आणि सप्रेम भेट बी लिवाय लागलाता. मी म्हनलं, खोटं नको. माझं कुणावर प्रेम न्हाय.”

संघप्रियानं सम्मेदला फोन लावला. त्यानं आधी ऐकून घेतलं, मग इतका मोठ्यानं बोलला की खोलीभर ऐकू आलं. “रंगवला? मदरबोर्ड? ताई, तीस वर्षं दुकान आहे आमचं, वडलांपासून. दिवाळीला पणत्या रंगवतात तसा बोर्ड रंगवलेला आजवर बघितला नाही!” मग थोडा खाली आला. “कंपनी घेणार नाही परत. वॉरंटी संपली. रंग ओला असेल तर औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आणून कापसानं हळूहळू पुसा. डाग नाही राहिला तर कंपनीला कळायचं नाही. वाळला तर मग हातच लावू नका.”

बातमी वस्तीभर गेली. काका आले, मागोमाग संग्राम आला. संग्रामच्या हातात दोस्ताचा जुना बोर्ड होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्याचा चेहरा लग्नघरासारखा फुलला होता.

“झालं न्हवं?” काका म्हणाले. “लई शहाणी. हे पूस आत्ताच्या आत्ता. जित्या बाईचं नाव घालायचा ठराव कमिटीनं केलेला न्हाय. अध्यक्षाचं नाव न्हाय कुठं, आणि हिचं पायजे.”

“पूस, न्हायतर हा बसव,” संग्राम वर्तमानपत्र सोडत म्हणाला.

कुणीतरी पळत जाऊन स्पिरिट आणलं. संघप्रिया कापूस घेऊन बसली. खरं सांगायचं तर तिला पुसायचंच होतं. तीन वर्षांची वॉरंटी एका म्हातारीच्या हट्टापायी घालवायची? सहा मुली तिकडं भिंतीला टेकून उभ्या होत्या, दीक्षा ओठ चावत होती. बोर्ड जळला तर दुसरा कोण देणार? हा जाड मानेचा संग्राम? तिनं कापूस भिजवला.

शेवंताबाई उठली नाही. नुसती म्हणाली, “पूस. घाई करू नकोस, नीट पूस. फौंड्रीत माझ्या हजेरीला नुसतं ‘बाई, एक’ लिवायचे. त्याला तर कापूस बी लागला न्हाय.”

आणि मग म्हणाली, “तू घालू म्हणालीस तवाच मला कळलंतं, तू घालणार न्हाईस. म्हणून तर मी सयाजीला गाठला.”

संघप्रियाचा कापूस हातातच राहिला. राग आला तिला. म्हातारीचा आला, म्हातारी बरोबर बोलली म्हणून जास्तच आला. तिनं कापूस केराच्या बादलीत फेकला, प्रोसेसरचा डबा फोडला आणि खोबणीवरचं ते झाकण काढलं.

“काय करालीस?” काका ओरडले.

“बसवालोय. वॉरंटी गेली उडत.”

“जळला तर?”

“तर माझ्या पगारातनं. आणि तुमच्या भावाचं भंगार आधी उचलायचं तिथनं, काका. टेबलाला जागा पायजे.”

काकांनी जी शिवी दिली ती विहारात देण्यासारखी नव्हती. पण मुलींनी जुनं खोकं उचललं. नाव वरच्या बाजूला करून, जपून, व्हरांड्यात नेऊन ठेवलं. 

प्रोसेसर बसला. रॅम बसली. संग्रामच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये बोर्ड स्क्रूनं आवळला. वायरी जोडल्या. संघप्रियानं बटण दाबलं.

प्रोसेसरवरचा बारका पंखा घुमला. पडदा काळा.

तिला माहीत होतं, पहिल्यांदा वेळ लागतो. सगळे बघत होते. पडदा काळाच. पंखा जोरात घुमला, मंद झाला, परत घुमला. गरम रंगाचा वास सुटायला लागला.

“जळाला लागलाय,” संग्राम म्हणाला. “वास बघा की. अगं बंद कर, वस्ती पेटवशील!”

“म्हनलंतं मी,” जोतीराम म्हणाला. त्यानं काहीच म्हटलं नव्हतं.

पडदा काळा. संघप्रिया पडद्याच्या आणखी जवळ सरकली. रंग एखाद्या सोल्डरच्या टाक्यात उतरला असेल. आत वाळला नसेल. सम्मेद म्हणाला होता बराच वेळ, पण बराच म्हणजे किती? एवढा? तिचा धीर सुटला. ती भिंतीवरच्या बटणाकडं वळली.

बटणासमोर शेवंताबाई पाठ लावून उभी होती.

“सरक आज्जी.”

“न्हाय.”

“सरक, आत जळत असंल!”

“जळू दे. माझं नाव हाय आत, तुझं न्हाय. बंद करायचा न्हाय.”

“आज्जी, तुला कळत न्हाय त्यातलं!”

“न्हाय कळत. तुला कळतंय न्हवं? मग तुझं हात का कापालंत?”

संघप्रियानं तिचा दंड धरला. खरंच धरला, ओढायला. हाडाचा दंड, पण फौंड्रीत घडलेला. म्हातारी हलली नाही. दोघी तशाच एकमेकींना धरून उभ्या असताना दीक्षा ओरडली,

“ताई! आला!”

पडद्यावर अक्षरं आली होती. प्रोसेसरचं नाव, रॅमचं माप, सगळं जिथल्या तिथं. संघप्रियानं दंड सोडला. म्हातारीच्या कातडीवर बोटं उमटली होती. माफी मागावी असं तिला वाटलं. शेवंताबाईनं ते ओळखलं असावं, कारण ती म्हणाली, “नाटकं करू नकोस. माझं नाव दाव कुठं दिसतंय ते.”

दाखवायची गरजच नव्हती. टेबल असं होतं की कॅबिनेटची काच सरळ दाराकडं झाली होती. आत संग्रामच्या लाईटा फिरत होत्या आणि त्यांच्या मधोमध ‘शेवंताबाई’ लाल होत होती, निळी होत होती, हिरवी होत होती. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावी अशी. ‘संग्रामदादा युवा मंच’चा स्टिकर पुढच्या बाजूला होता, आणि पुढची बाजू भिंतीकडं.

संग्राम जवळ येऊन काचेत बघत राहिला. “खोकं फिरव की जरा.”

“फिरवलं तर वायरी पुरत न्हाईत.”

“मग लाईटा बंद कर त्या.”

“बंद करतो. मग तुझं काय ऱ्हायलं ह्यात?”

बायका आता उघड हसत होत्या. काका चपला शोधायला लागले. संग्रामनं दोस्ताचा बोर्ड परत वर्तमानपत्रात गुंडाळला, पण जाता जाता त्याला राहवेना. निवडणूक होती शेवटी.

“दोन वर्षांनी मोठा प्रोसेसर बसवणार म्हणालीस न्हवं? तो माझ्याकडनं. पर नाव असं पडलं पायजे, की हिच्या वर दिसंल.”

“पडंल की,” संघप्रिया म्हणाली. “मोठ्या प्रोसेसरवर मोठा पंखा बसतोय. बरोबर हिच्या वरच. त्याच्या पात्यांवर घालू नाव.” तिनं मान वर करून छताकडं बघितलं. “पण आपल्यात पंख्यावर नाव कुणाचं घालतात, तुला म्हाईत हाय. तेवढी तयारी ठेव.”

शेवंताबाई हसता हसता खोकायला लागली, आणि दीक्षानं खुर्ची ओढून कीबोर्ड पुढ्यात घेतला.